रक्ताचं कुणी विचारलंच नाही

आमच्या लहानपणी बाळंतिणीची विचारपूस एकाच प्रश्नानं व्हायची. "दूध उतरतंय का गं?" शेजारीण उंबऱ्यातूनच विचारायची. आतून आजी "हो, चांगलं उतरतंय" म्हणायची, आणि आई नि बाळ दोघांचीही तब्येत ठणठणीत आहे असं सगळे धरून चालायचे. आमचं घर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. पाऊस बेताचा, शेत बाजरीचं. आत्यांची, थोरल्या बहिणींची बाळंतपणं त्याच घरात झाली. दुधाची काळजी होती, बाळाच्या बाळशाचं कौतुक होतं, कुणाकडून किती बाळंतविडे आले याचीही घरभर चर्चा व्हायची. बाळंतिणीच्या अंगात रक्त किती उरलंय, हा विषय मात्र मी त्या घरात कधी निघालेला ऐकला नाही.

बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात अंधारी खोली. खिडकीला घोंगडं, दाराला जुनं लुगडं, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. ओवा, बाळंतशेपा आणि वेखंडाच्या धुरीचा वास त्या खोलीच्या भिंतींना कायमचा चिकटलेला असे. सकाळी सुईण येऊन आईला आणि बाळाला तेल लावायची, कढत पाण्यानं न्हाऊ घालायची, मग शेक. कान बांधलेले, कंबर आवळून बांधलेली. सव्वा महिना तिनं घागर उचलायची नाही, केर काढायचा नाही, चुलीपुढे बसायचं नाही. एरवी सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाणारी बाई त्या दिवसांत सगळ्यांच्या आधी जेवायची, आणि तेही गरम गरम. मऊ भात, त्यावर मेतकूट, तुपाची धार. मटण खाणारं घर असेल तर आळणी पाणी. नोकरदार सुनांना आज इतकी विश्रांती मिळत नाही, हे आधीच कबूल केलं पाहिजे. जुन्या काळाची जी बाजू खरोखर भक्कम होती, ती ही.

आणि लाडू. डिंकाचे, मेथीचे, आणि माझे सगळ्यात आवडते हळिवाचे. दहिवडीच्या बाजारातून नारळ यायचा. आदल्या रात्री आजी त्याच्या पाण्यात हळीव भिजत घालायची. दाणे बारीक, लांबट, विटकरी रंगाचे. सकाळी बघावं तर प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत वेष्टन आलेलं आणि भांडं काठोकाठ फुगलेलं. मग त्यात खवलेला नारळ आणि चिरलेला गूळ मिसळून आजी ते लोखंडी कढईत मंद आचेवर ढवळत बसायची. मिश्रण कडा सोडू लागलं की जायफळ किसायची आणि हाताला तूप लावून लाडू वळायची. बाळंतिणीचे लाडू वेगळ्या डब्यात असत. आम्हा पोरांना कढई खरवडायला मिळायची.

हळिवाची निवड काही उगाच नव्हती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम हळिवात 100 मिलिग्रॅम लोह दिलेलं आहे. एवढा मोठा आकडा त्या तक्त्यात फारच थोड्या पदार्थांपुढे दिसतो. आजीनं तो तक्ता पाहिला नव्हता, तरी तिचा हात बरोबर डब्यावर गेला होता. पण एका लाडवात हळीव असतात किती? चमचा, दीड चमचा. त्यातून धान्याबियांतलं आणि भाजीपाल्यातलं लोह आतड्याला सहजासहजी उचलता येत नाही. त्याचा थोडाच वाटा रक्तापर्यंत पोचतो. तो वाटा वाढवायचा तर सोबत लिंबू, आवळा, पेरू असं काही लागतं, कारण क जीवनसत्त्व हे लोह विरघळलेलं, शोषलं जाईल अशा रूपात ठेवतं. आणि नेमकं हेच बाळंतिणीला वर्ज्य! आंबट खाल्लं तर बाळाला सर्दी होईल, पालेभाजी खाल्ली तर बाळाचं पोट दुखेल, डाळ वातूळ, फळं थंड. हळीव द्यायचे आणि लिंबू अडवायचं, असा आमच्या घरचा कायदा होता. लाडवावर कपभर चहा असायचाच. चहातली टॅनिनं उरलंसुरलं लोहही बांधून ठेवतात, याची कुणाला कल्पना असणार?

लोखंडी भांड्यांच्या आठवणीनं हल्ली पुष्कळजण हळवे होतात. मीही होते. आमच्याकडे भाकरीला बिडाचा तवा, भाजी-पिठल्याला लोखंडी कढई, फोडणीला लोखंडी पळी. रात्री उरलेली भाजी कढईत तशीच राहिली की सकाळी काळपट व्हायची. तो काळेपणा म्हणजे भांड्यातून उतरलेलं लोह. पदार्थ जितका ओला आणि आंबट, तितकं ते जास्त उतरतं. पण आमसुलाची किंवा चिंचेची आमटी आजी कधीच त्या कढईत करत नसे. आमटी काळी पडते, चव बिघडते. ती कल्हईच्या पातेल्यात व्हायची. कोरड्या भाकरीला तव्याचं लोह कितीसं लागणार? म्हणजे कढईनं दिलं ते खरं, पण आजच्या आठवणींत वाटतं तितकं दिलं नाही. पुढे हिंडालियम आलं, मग नॉनस्टिक आलं, आणि जे थोडंफार मिळत होतं तेही गेलं.

आता माती खाण्याबद्दल. आमच्या गल्लीत ही गोष्ट गुपित नव्हतीच. एक वहिनी गरोदरपणी पाटीवरच्या पेन्सिली खायच्या. आम्हा पोरांच्या दप्तरातल्या पेन्सिली संपल्या की संशय थेट त्यांच्यावर. दुसऱ्या एकीला पावसाच्या पहिल्या सरीनंतर सारवलेल्या भिंतीचा वास सहन व्हायचा नाही. नखानं पोपडा काढून ती हळूच तोंडात टाकायची. कुणी कच्चे तांदूळ खायचं, कुणी चुलीतली भाजकी माती. सगळे हसायचे. डोहाळे आहेत म्हणायचे. रांगतं मूल अंगणातली माती खायला लागलं की त्याच्या पाठीत धपाटा बसायचा. लोहाची कमतरता असलेल्या माणसाला अशा न खाण्याच्या वस्तूंची ओढ लागू शकते, हे आज डॉक्टरांना ठाऊक असतं. खरं तर आपल्याकडे हा धागा फार पूर्वी हाती लागला होता. चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला एक माती खाण्यामुळे होणारा. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, यावर आजचं वैद्यक वेगळं बोलेल, पण फिकटपणा आणि माती यांची जोडी त्या वैद्यांनी पाहिली होती. आमच्या गावातले वैद्यबुवा लोहासव द्यायचे, मंडूर भस्माच्या पुड्या बांधायचे. पण बाई त्यांच्यापर्यंत पोचायची ती जिना चढताना धाप लागायला लागल्यावर. तोवर "नाजूक आहे", "मुळात गोरीच आहे", "बाळंतपणात अशक्तपणा यायचाच" एवढ्यावर वेळ निभायची.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहायच्या. आतून लाल दिसतं की पांढरं, यावर निदान. कधीमधी बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त काचेच्या बारीक नळीत घ्यायच्या. ती साहलीची पद्धत. नळीत सौम्य आम्ल असायचं, त्यात रक्त मिसळलं की तपकिरी व्हायचं. मग एकेक थेंब पाणी घालत तो रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा आणि नळीवरचा आकडा वाचायचा. उजेड कमी असला किंवा डोळे थकले असले की आकडा इकडचा तिकडे व्हायचा. तरी आकडा होता. तो आमच्या घरी मात्र कधी पोचला नाही. दवाखान्यातून घरी आलं ते एवढंच की "गोळ्या दिल्यात".

त्या गोळ्यांचा एक धागा आपल्या मुंबईतूनच निघालेला आहे. 1928 मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेतून काम करू लागली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांमधला जीवघेणा रक्तक्षय तिनं अभ्यासला. तो लोहाच्या कमतरतेचा नेहमीचा रक्तक्षय नव्हता. त्यात रक्तपेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. निकस आहाराचाच हा दोष असावा, असा तिचा अंदाज होता. यीस्टचा अर्क दिला, विलायतेत पावाला लावून खातात तो मार्माइटसुद्धा दिला, आणि बायका बऱ्या झाल्या. 1931 मध्ये तिनं हे छापलं. अर्कातला तो अनोळखी घटक पुढे 1941 मध्ये पालकातून वेगळा काढला गेला आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. आज सरकारी लाल गोळीत लोहाच्या जोडीला जे असतं ते हेच. देशात गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 मध्ये सुरू झाला. त्या गोळ्या आमच्या घरी आल्या, त्यांनी मळमळलं, शौचाला काळं आणि घट्ट व्हायला लागलं, आणि त्या फळीवरच्या डब्यात गेल्या. "उष्ण पडतात," आजी म्हणाली. "बाळ काळं होतं," शेजारीण म्हणाली. "बाळ फार मोठं होतं नि मग अडतं," सुईण म्हणाली. तीन अनुभवी बायका एका गोळीच्या विरोधात. गोळीचं काय चालणार?

आता हिशेब बघा. एका गरोदरपणात बाईच्या शरीराला साधारण 1000 मिलिग्रॅम जादा लोह लागतं. त्यातलं 300 च्या आसपास बाळ आणि वार घेऊन जातात, बाकीचं तिच्या वाढलेल्या रक्ताला आणि रोजच्या झिजेला लागतं. वाढलेल्या रक्तातलं लोह बाळंतपणानंतर बरंचसं परत मिळतं, पण बाळंतपणात रक्त फार गेलं तर तेही जातं. अंगावर पाजते तोवर बहुतेकींची पाळी लांबते, तेवढीच निसर्गानं दिलेली सूट. माझ्या थोरल्या आत्याची बाळंतपणं पाठोपाठची. एक मूल अंगावर पीत असतानाच दुसऱ्याची चाहूल. खड्डा भरून यायच्या आधीच पुढचं खोदकाम सुरू. ती पंचविशीतच थकलेली दिसायची, आणि तिचं दूध मात्र भरपूर होतं.

सगळी फसगत झाली ती इथंच. आई कितीही फिकट असली तरी तिच्या दुधातल्या लोहावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. दूध आपलं चालू राहतं, आणि घरातले समजतात की बाई ठीक आहे. उलट बाजूही तितकीच अनपेक्षित आहे. आईनं लोहाच्या कितीही गोळ्या घेतल्या तरी त्या दुधातून बाळाला पोचत नाहीत. आईच्या दुधात लोह मुळात थोडंच असतं. लिटरभर दुधात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. ते छान पचतं, अंगी लागतं, आणि पहिल्या महिन्यांत बाळाला तेवढंच पुरतं, कारण बाळ पोटातूनच लोहाची शिदोरी बांधून आलेलं असतं. ही शिदोरी मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरते. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला ती चार ते सहा महिने पुरते. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळाची मुळातच अर्धीमुर्धी भरलेली असते, ती लवकर संपते. म्हणून आईची गोळी आईसाठी आणि बाळाचं औषध बाळासाठी. एकीच्या गोळीत दोघांचं भागत नाही. आणि आईच्या दुधाचा यात काही कमीपणाही नाही. पहिले सहा महिने त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

शिदोरी भरण्याच्या बाबतीत मात्र आमची सुईण पुढची निघाली. वार पडेपर्यंत ती नाळेला हात लावत नसे. तोवर बाळ आईच्या पायांशी, नाळेसकट. पुढे बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली आणि तिथं बाळ बाहेर आलं की लगेच नाळेला चिमटा लावून कापायची पद्धत पडली. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळ रडतंय, श्वास घेतंय, तर घाई करू नका, एक ते तीन मिनिटं थांबा. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे वाहतं आणि त्यातलं लोह त्याला पुढचे काही महिने उपयोगी पडतं. अर्थात सुईणीची बाजू इथंच संपते. नाळ कापायला तिच्याकडे विळा असायचा, आणि धनुर्वातानं गेलेली बाळं आमच्या गल्लीतही होती.

बाळाच्या बाजूनं आमच्या घरचं वेळापत्रक बघितलं तर सहाव्या महिन्याच्या आसपास उष्टावण. मुलगा असेल तर सम महिना, मुलगी असेल तर विषम. मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटीतली खीर सोन्याच्या अंगठीनं चाटवायची. शिदोरी संपायला आणि उष्टावण व्हायला एकच गाठ पडते, हे पाहून आज मला आपल्या रीतीभातींचं कौतुक वाटतं. पण खीर चाटवून झाली की पुढे काय? पुढे पेज, वरणाचं वरचं पाणी, मऊ भात, आणि बोंडल्यानं गाईचं नाही तर म्हशीचं दूध. वर्ष-दीड वर्ष बाळ मुख्यतः दुधावरच. गाई-म्हशीच्या दुधात लोह नावालाच, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यातून त्या दुधानं थोडं थोडं रक्तही झिरपू शकतं. रोज सहाणेवर उगाळलेली गुटी असायची, त्यात मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड सगळं असायचं. लोह नसायचं. तरी बाळ गुबगुबीत दिसायचं, पायाला वळ्या पडायच्या, दृष्ट काढायला लागायची. फिकट, किरकिरं, लवकर दमणारं, पण वजनानं भरलेलं बाळ हे आमच्या घरचं आदर्श बाळ होतं. पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्यानं वाढत असताना लोह कमी पडलं तर मुलाच्या शिकण्यावर, लक्ष लागण्यावर परिणाम होतो, आणि तो पुढे शाळेपर्यंत मागे राहू शकतो. बेट्सी लोझॉफ या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी कोस्टा रिकातल्या बाळांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून हे दाखवलं. बाळसं पाहून हे कळत नाही.

आता माझ्या सुनेचं बाळंतपण. पुण्यातला फ्लॅट, खिडक्या सताड उघड्या, शेगडी नाही, घोंगडं नाही. रक्त तपासलं की रिपोर्ट संध्याकाळपर्यंत फोनवर. सातव्या महिन्यात एचबी 9.2 आलं. गरोदर बाईचं किमान 11 हवं, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. लोहाची गोळी रात्री, कॅल्शियमची सकाळी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या की कॅल्शियम लोहाला अडवतं. शेवटच्या महिन्यांत आकडा पुरेसा वर येईना, तेव्हा डॉक्टरांनी शिरेतून लोह दिलं. सलाईनसारखी बाटली लावली, तासाभरात ती घरी. मला माझी आत्या आठवली. तिला कुणी अशी एक बाटली लावली असती तर?

पण बाळंतपण झालं आणि चित्र पालटलं. लाडू ऑनलाइन मागवले, सुका मेवा भरपूर, हळीव नावाला. वजन वाढेल म्हणून तेही अर्धे फ्रीजमध्ये. माहेरचा सव्वा महिना आठ-दहा दिवसांवर आला. आणि गोळ्या? त्या दवाखान्याच्या पिशवीतच राहिल्या. "आता बाळ झालं ना आई, आता कशाला?" सून म्हणाली. माझ्या बहिणीचा फोन आला, तिचा पहिला प्रश्न: "दूध पुरतंय ना?" पन्नास वर्षांत रिपोर्ट फोनवर आला, आकडे आले, पण प्रश्न तोच राहिला. सरकारी नियम मात्र स्पष्ट आहे. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून किमान 180 दिवस रोज एक गोळी, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. प्रत्येक गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. हे दुसरे 180 दिवस घरोघरी गाळले जातात, शहरातही आणि गावातही.

बाळासाठीही आता व्यवस्था आहे. 2018 पासूनच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर पातळ औषध देतात. त्यात 20 मिलिग्रॅम लोह आणि 100 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. गेल्या दिवाळीत गावी गेले होते, तेव्हा आशाताई चुलतसुनेच्या बाळासाठी बाटली घेऊन आल्या. माझी जाऊ पुढे झाली.

"एवढ्याशा जिवाला औषध कशाला? अंगावर पितोय की चांगला."

"पिऊ द्या की काकू. दूध बंद करा म्हणतंय कोण?" आशाताई झाकण फिरवत म्हणाल्या. "पण ह्यात जे आहे ते दुधात नाही. नि शी काळी झाली तर घाबरून बाटली फेकू नका. ती होणारच."

त्यांनी बरोबर एक मिलिलिटर काढून गालाच्या आतल्या बाजूला सोडलं, म्हणजे पुढच्या दातांवर डाग पडत नाही. बाळानं तोंड वेंगाडलं, अर्धं ओघळलं. त्यांनी पदरानं पुसलं आणि बुधवार-शनिवार असे वार भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोल करून दिले. जाऊबाईंच्या विरोधाचं उत्तर कागदावर नव्हतं, त्या चार वाक्यांत होतं.

अमेरिकेतल्या माझ्या भाचीला तर चौथ्या महिन्यापासूनच थेंब सांगितले होते. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला चार महिन्यांपासून किलोमागे रोज 1 मिलिग्रॅम लोह द्यावं, ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2010 पासूनची शिफारस. देश बदलला की महिना आणि मात्रा बदलते, पण सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधावर लोह भागत नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे.

एवढं सगळं असूनही आकडे बघितले की मान खाली जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या 67.1 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये. महाराष्ट्रातली मुलं 68.9 टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीच्याही पुढे. त्याच्या आधीच्या पाहणीत, 2015-16 मध्ये, देशात मुलांचा आकडा 58.6 होता. सगळा रक्तक्षय लोहाचाच असतो असं नाही. जंत, मलेरिया, इतर जीवनसत्त्वांची कमतरता अशी कारणं आहेत. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेल आहे, आणि तिथं तपासणीशिवाय लोहाचा मारा करून भागत नाही. पण मोठा वाटा लोहाच्या कमतरतेचा, आणि ती टाळता येण्यासारखी आहे.

जुन्या घरानं बाळंतिणीला विश्रांती दिली, गरम जेवण दिलं, माणसं दिली, आणि सव्वा महिन्यानं सगळं एकदम काढून घेतलं. नव्या घरानं तिला आकडा दिला, गोळी दिली, बाटली दिली, आणि ती रोज घेतली जाते का हे बघणारं माणूस दिलं नाही. माझा कौल विचाराल तर मी गोळीच्या बाजूनं. हळिवाचा लाडू मायेचा आहे, चवीचा आहे, तो खावाच. पण 60 मिलिग्रॅमचं काम तो करू शकत नाही, आणि एकदा रिकामा झालेला साठा नुसत्या खाण्यानं सहा महिन्यांत भरत नाही. लाडवाबरोबर लिंबाचं सरबत द्या, चहा तासाभरानं द्या. पालेभाजी, डाळ, अंडं, मटण, जे घरात चालतं ते बाळंतिणीच्या ताटात पहिल्यांदा वाढा, आणि सव्वा महिन्यानंतरही वाढत राहा.

ज्यांच्या घरी यंदा पाळणा हलला असेल त्यांना एवढंच सांगणं. बाळंतिणीचं एचबी पुन्हा तपासून घ्या आणि तिच्या गोळ्या सहा महिने चालू ठेवा. पोट बिघडलं तर बंद न करता डॉक्टरांना विचारून वेळ किंवा गोळी बदला. बाळाला सहा महिने पूर्ण झाले की वरच्या खाण्याबरोबर आशाताईंकडून किंवा डॉक्टरांकडून त्याची बाटली मागून घ्या. बाळ लवकर जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर सहा महिने थांबू नका, आधीच विचारा. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध बाळाचं मुख्य अन्न करू नका. आणि गोळ्यांचं पाकीट मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच फळीवर, कुलपात ठेवा. लाल, साखरेचा लेप दिलेली गोळी मुलाला चॉकलेटसारखी दिसते, आणि मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.